दोन्ही बाजू सारख्या: घरी बांधलेल्या विमानाचे फ्लॅप कसे जुळवतात



बिरसीचे विमानतळ गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती धावपट्टी. पुढे तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली आणि धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायाही वर मान करून लहान विमाने पाहू लागल्या. अशी विमाने उतरण्यासाठी खाली येऊ लागली की पंखांच्या मागच्या कडेची एक फळी हळूहळू खाली वाकते. नववीच्या मुलांनी वर्गात विचारले, "सर, ते काय मोडते का?" मोडत नाही. त्या फळीला फ्लॅप म्हणतात. ती कशासाठी असते एवढे सांगून मला थांबता आले असते, पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ती फळी डाव्या आणि उजव्या पंखावर अगदी सारखी वाकावी म्हणून काय करावे लागते, आणि तेही विमान कारखान्यात नव्हे तर एखाद्या माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेले असेल तेव्हा, हे या लेखात सांगतो.

विमान घरी बांधता येते का, हा पहिला प्रश्न. येते. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. त्याचे नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा गच्चीवरून खाली आणलेले हे विमान लोकांनी जवळून पाहिले. नोंदणीसाठी मात्र त्यांना बराच काळ झगडावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून म्हणजे डीजीसीएकडून नोंदणी झाली आणि विमानाला व्हीटी-एनएमडी ही अक्षरे मिळाली. उड्डाणाचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात आला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले. आपल्याकडे स्नेहसंमेलनात शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या चौपाटीवरील उड्डाणाची कथा दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी सांगतो. त्या कथेला त्या काळचा पक्का पुरावा नाही. मला विचाराल तर मुलांना यादवांची गोष्ट सांगावी, कारण तिला कागद आहेत, तारखा आहेत, आणि ते विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात तर अशी हजारो विमाने आहेत. तिथे नकाशे आणि सुट्या भागांचे संच विकत मिळतात आणि लोक गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे रिव्हेट मारत बसतात. विमान गच्चीवर बांधा, गॅरेजमध्ये बांधा किंवा कोठारात, एक वेळ अशी येतेच की पंख धडाला जोडायचे असतात आणि त्यानंतर फ्लॅप जुळवायचे असतात. पंख सोडवून विमान दुसरीकडे नेले आणि पुन्हा जोडले, तरी ही जुळणी पहिल्यापासून तपासावी लागते. या कामाला विमानाच्या भाषेत रिगिंग म्हणतात. सायकलचे ब्रेक बसवल्यावर तार ओढून, नट फिरवून दोन्ही रबरे रिमपासून सारख्या अंतरावर आणतो, तसलेच हे काम. फरक एवढाच की सायकलचा ब्रेक एका बाजूला घासला तर चाक जड जाते, आणि विमानाचा फ्लॅप एका बाजूला जास्त उतरला तर विमान कलंडू लागते.

आता फ्लॅप हवाच कशाला ते पाहू. अकरावीच्या हिंदी पुस्तकात 'उत्थापक बल' असा शब्द आहे. मीही हिंदी माध्यमातूनच शिकलो, त्यामुळे तोच शब्द तोंडी येतो, पण इथे साधे 'उचल' म्हणू. (मजुराने हंगामाआधी घेतलेली उचल वेगळी, ती फेडावी लागते!) पंखाची उचल वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि पंखाच्या आकारावर अवलंबून असलेल्या एका गुणांकाबरोबर वाढते. वेग कमी केला तर उचल कमी होते. एका ठराविक वेगाखाली पंख विमानाचे वजन पेलू शकत नाही आणि विमान खाली बसते. याला स्टॉल म्हणतात. फ्लॅप खाली केला की पंखाचा बाक वाढतो, गुणांक वाढतो, आणि कमी वेगातही तेवढीच उचल मिळते.

आकडे घालून पाहा. समजा एका विमानाच्या पंखाचा सर्वांत मोठा गुणांक १.४ आहे आणि ते ताशी १०० किलोमीटरला स्टॉल होते. फ्लॅप पूर्ण उतरवल्यावर गुणांक २.० झाला. वजन तेच आहे, म्हणून नवा वेग १०० गुणिले ०.७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८४ किलोमीटर. फरक १६ किलोमीटरचाच दिसतो. पण उतरल्यावर ब्रेकने जी गतिज ऊर्जा जिरवायची ती वेगाच्या वर्गाबरोबर बदलते, म्हणजे ती थेट ७० टक्क्यांवर आली. छोट्या धावपट्टीवर उतरणाऱ्याला या ३० टक्क्यांची किंमत कळते. शिवाय फ्लॅप हवेला अडवतो, त्यामुळे विमान वेग न वाढवता जास्त तिरके खाली येऊ शकते आणि वैमानिकाला समोरची धावपट्टी नाकाच्या वरून नीट दिसते.

बिरसीला शिकवण्यासाठी वापरली गेलेली डीए-४० जातीची विमाने घ्या. त्यांच्या फ्लॅपला तीनच जागा आहेत. एक पूर्ण वर, दुसरी उड्डाणासाठी, तिसरी उतरण्यासाठी. अमेरिकेच्या जुन्या पायपर चेरोकी विमानात दोन आसनांमध्ये एक दांडा असतो. जीपच्या हँडब्रेकसारखा तो वर ओढायचा, आणि तो १०, २५ व ४० अंशांच्या खाचांत अडकतो. सेसना १५० मध्ये फ्लॅप ४० अंशांपर्यंत जात असे, नंतरच्या सेसना १५२ मध्ये तो ३० वर आणला. मोटर असो की दांडा, हालचाल दोन्ही पंखांपर्यंत एकाच ठिकाणाहून जाते. हाताने बांधलेल्या बऱ्याच विमानांत आसनांच्या मागे किंवा खाली एक आडवी पोकळ नळी असते. मोटर ती नळी फिरवते. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक आखूड हात जोडलेला असतो, त्या हातापासून एकेक दांडी पंखाकडे जाते आणि फ्लॅपला ढकलते किंवा ओढते. ही दांडी म्हणजे पुशरॉड. तिच्या टोकाला आट्यांचा, डोळ्यासारखे भोक असलेला जोड असतो, त्याला रॉड-एन्ड म्हणतात. रिगिंगचे निम्मे काम या आट्यांतच आहे.

एकच नळी दोन्ही फ्लॅप का चालवते, हे लक्षात घ्या. प्रत्येक फ्लॅपला वेगळी मोटर दिली आणि एक बंद पडली, तर एक फ्लॅप खाली आणि एक वर असे होईल. नळी एक असली की मोटर बिघडली तरी दोघे जिथे आहेत तिथेच सोबत थांबतात. दोन्ही फ्लॅप अर्धवट राहिले तर वैमानिक थोडा जास्त वेग ठेवून उतरतो. एकच उतरला तर गोष्ट वेगळी.

किती वेगळी, त्याचाही हिशेब करू. विमान ८०० किलोचे धरा. प्रत्येक पंख ४०० किलो पेलतो. जुळणी नीट नसल्यामुळे डाव्या पंखाची उचल उजव्यापेक्षा फक्त ५ टक्क्यांनी जास्त झाली, म्हणजे २० किलोंनी. ही जास्तीची उचल धडापासून २ मीटरवर लागते असे माना. म्हणजे पहिली-दुसरीतले एखादे पोर उजव्या पंखावर धडापासून २ मीटरवर नेऊन बसवल्यासारखे झाले. वैमानिक काठी डावीकडे धरून विमान सरळ ठेवू शकतो, पण सतत धरून ठेवावी लागते आणि हात दुखतो. फरक मोठा असेल तर काठी पूर्ण डावीकडे जाऊनही पुरत नाही. आणि फ्लॅप तर उतरतानाच वापरायचे असतात, जेव्हा वेग कमी आणि जमीन जवळ असते. चूक सुधारायला तेव्हा ना वेळ असतो ना उंची.

मोठ्या विमानांतही ही गोष्ट घडली आहे. २५ मे १९७९ रोजी अमेरिकेत शिकागोहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या १९१ क्रमांकाच्या विमानाचे डावे इंजिन उड्डाणाच्या क्षणी तुटून पडले. एक इंजिन गेले तरी ते विमान उडू शकले असते. पण तुटताना तेलाच्या नळ्या फाटल्या आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅपच्या भावंडांपैकी स्लॅट, आत गेल्या. उजव्या बाजूच्या बाहेरच राहिल्या. डावा पंख आधी स्टॉल झाला, विमान डावीकडे कलंडले आणि विमानातील २७१ व जमिनीवरील २ माणसे दगावली. मूळ कारण दुरुस्तीच्या वेळी इंजिन काढण्या-बसवण्याची चुकीची पद्धत हे होते. म्हणजे आठवड्यांपूर्वी कार्यशाळेत पडलेली भेग पुढे हवेत उघडी पडली.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे येऊ.

पहिले काम विमान समतल करण्याचे. घर बांधणारा मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींवर एका उंचीच्या खुणा करतो, ते तुम्ही पाहिलेच आहे. विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांची उंची तपासायला तीच नळी चालते, आणि ती महागड्या यंत्रापेक्षा फारशी कमी पडत नाही. पाण्याला फसवता येत नाही. मग पंख धडाला ज्या कोनात बसला आहे तो दोन्हीकडे सारखा आहे का ते पाहायचे. इथे फरक असेल तर फ्लॅपला हात लावण्यात अर्थ नाही. पाया तिरपा असताना दरवाजाची बिजागरी ठोकण्यासारखे ते होईल.

मग शून्य ठरवायचे. फ्लॅप 'पूर्ण वर' म्हणजे नेमका कुठे? वर ढकलून अडकेल तिथे, हे उत्तर चुकीचे आहे. पंखाचा जो काटछेद नकाशात दिला आहे, त्याची रेषा पुढून मागच्या टोकापर्यंत न तुटता गेली पाहिजे आणि फ्लॅप हा त्या रेषेचाच शेवटचा तुकडा वाटला पाहिजे. त्यासाठी प्लायवुडचा किंवा पत्र्याचा त्या आकाराचा साचा कापतात. तो पंखावर धरला की मागची कड कुठे हवी ते दिसते. बरेच बांधणारे आधी पंखाच्या बाहेरच्या भागातली फळी, म्हणजे एलेरॉन, साच्याने मध्यावर आणून तिथेच पक्की करतात आणि मग फ्लॅपची मागची कड तिच्या रेषेत आणतात. पंखाच्या टोकापासून बुडापर्यंत दोरा ताणला की रेषा कुठे मोडते ते लगेच कळते.

इथे एक खबरदारी आहे. डाव्या फ्लॅपशी उजवा जुळवला म्हणून काम झाले असे नाही. दोघेही साच्यापेक्षा २ अंश खाली असतील तर विमान कलंडणार नाही, पण सगळा प्रवास हवेला अडवत करील आणि वेग कमी पडेल. म्हणून एक बाजू आधी साच्याला जुळवायची आणि दुसरीही साच्यालाच. शेवटी एकमेकांशी ताडून पाहायचे.

आता आटे. हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण दहावीचे गणित इथे जसेच्या तसे उपयोगी पडते. समजा फ्लॅपची रुंदी, बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत, ३० सेंटिमीटर आहे. १ अंश फिरला तर मागची कड किती हलते? १ अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन, त्याला ३० ने गुणा, सुमारे ५.२ मिलिमीटर. पुशरॉड फ्लॅपला बिजागरीपासून ७.५ सेंटिमीटरवर जोडला आहे. तिथे १ अंशाला १.३ मिलिमीटर हालचाल लागते. रॉड-एन्डचे आटे बारीक असतात. पाव इंची जोडावर बहुधा एका इंचात २८ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की दांडी ०.९ मिलिमीटरने लांब किंवा आखूड होते. तेव्हा एका फेऱ्याने फ्लॅप सुमारे ०.७ अंश फिरतो आणि मागची कड साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हलते.

बोल्ट काढून रॉड-एन्ड फिरवला की त्याचे भोक पुन्हा बोल्टच्या दिशेला यायला हवे. ते अर्ध्या फेऱ्याला एकदा येते. म्हणून सर्वांत लहान फरक अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे मागच्या कडेला सुमारे १.८ मिलिमीटर. याहून बारीक हवे असेल तर दुसऱ्या टोकाला वेगळ्या मापाचे आटे लागतील. बांधणारे बहुधा तेवढ्या खोलात जात नाहीत, आणि गरजही नसते.

दांडी लांब करताना एक मोह होतो. अजून दोन फेरे, अजून एक फेरा, असे करता करता रॉड-एन्ड दांडीतून जवळजवळ बाहेर येतो आणि बाहेरून काही दिसत नाही, कारण त्याच्या मागे चेकनट घट्ट बसलेला असतो. म्हणून चांगल्या दांड्यांना टोकाजवळ एक बारीक भोक पाडलेले असते. त्यातून तार घालून पाहायची. तार आत गेली तर आटे त्या भोकापर्यंत पोचलेले नाहीत, पकड अपुरी आहे. तार अडली तर ठीक. हे भोक मला फार शहाणपणाचे वाटते. दिसत नाही ते दिसावे म्हणून कोणीतरी एवढी सोय करून ठेवली.

वरचे टोक जुळले की फ्लॅप पूर्ण खाली न्यायचा आणि कोन मोजायचा. आता बाजारात अंकी कोनमापक मिळतात. फ्लॅप वर असताना ते त्याच्यावर ठेवून शून्य करायचे, मग खाली नेऊन वाचायचे. नकाशात जो कोन व जेवढी सूट दिली आहे, त्यात दोन्ही बाजू बसल्या पाहिजेत. डावीकडे ४०, उजवीकडे ३७ आले, तर? नवखा माणूस लगेच उजवी दांडी फिरवतो. खाली ४० होतात, पण वर आणल्यावर उजवा फ्लॅप शून्यावर येत नाही, कारण दांडीची लांबी बदलली की सगळी हालचाल सरकते, तिचा पल्ला वाढत नाही. पल्ला वेगळा असेल तर दोष बहुधा नळीच्या हातांत असतो. एक हात दुसऱ्यापेक्षा थोडा वेगळ्या कोनात वेल्ड झालेला असतो किंवा भोकाचे अंतर कमी-जास्त असते.

याचे कारण सायकलच्या पायडलवर पाहा. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा धरा. तो आडवा असताना १० अंश फिरवला तर पायडल जवळजवळ ३ सेंटिमीटर वर-खाली होते. तोच दांडा सरळ उभा असताना १० अंश फिरवला तर पायडलची उंची फक्त अडीच मिलिमीटरने बदलते. फिरणे तेवढेच, पण हालचाल दहापटींहून कमी. म्हणजे दोन्ही हात एकाच कोनातून निघाले नाहीत, तर नळी सारखी फिरूनही दांड्या सारख्या हलणार नाहीत. म्हणून वर आणि खाली जुळले तरी मधल्या १० व २० अंशांवरही मोजावे लागते. टोकांना जुळलेले फ्लॅप मध्ये वेगळे पडू शकतात, आणि उड्डाणाच्या वेळी नेमकी मधलीच जागा वापरतात. नळीचा दोष आट्यांनी झाकता येतो, काढता येत नाही. हात कापून पुन्हा वेल्ड करणे जिवावर येते, पण तेच करायचे.

वर पोचताना आणखी एक पाहायचे. उजवा फ्लॅप आधी पंखाला टेकला आणि डावा अजून ३ मिलिमीटर खाली असला, तर मोटर थांबत नाही, ती डाव्यासाठी ओढतच राहते आणि नळीला पीळ पडतो. रोज थोडा थोडा पीळ. मोटरचा मर्यादेचा स्विच अशा ठिकाणी हवा की दोन्ही फ्लॅप हलकेच टेकल्याबरोबर वीज तुटावी. आणि स्विच बिघडला तरी पुढे अडवणारा धातूचा अटकाव असावा. विजेवर एकट्याने विसंबू नये.

मग येतो प्ले. मागची कड हातात धरून वर-खाली हलवायची. किती खटखटते? हँगरमध्ये फ्लॅप स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो, हवेत मात्र हवा त्याला वर ढकलते. म्हणजे जमिनीवर मोजलेला कोन आणि हवेतला कोन यांत प्ले एवढा फरक पडणारच. तो दोन्हीकडे सारखा आणि कमी हवा. हाताने वर दाबून पुन्हा मोजले की हवेतले खरे चित्र दिसते. प्ले जास्त असेल तर बोल्ट, भोक आणि बिजागरीची तार यांतला सैलपणा शोधायचा. आणि बिजागरी उलट घट्ट असेल तर तेही वाईट, कारण मग मोटरचे बळ फ्लॅप फिरवण्यात नव्हे, तो वाकवण्यात जाते. दांडी सोडवून फ्लॅप बोटाने फिरवला तर तो न अडकता फिरला पाहिजे.

शेवटी कुलूपबंदी. चेकनट आवळायचा. बोल्टला स्वतः न फिरणारा नट किंवा खाचेच्या नटात कॉटर पिन. रॉड-एन्डच्या बाहेरून मोठा वॉशर, म्हणजे आतला गोळा झिजून निसटला तरी दांडी बोल्टवरून सुटणार नाही. कारण दांडी सुटली तर त्या बाजूचा फ्लॅप हवेच्या दाबाने वर जाईल आणि दुसरा खाली राहील. सगळी मोजणी ज्यासाठी केली तेच एका पिनेअभावी घडेल. आवळलेल्या नटावर रंगाची एक रेघ ओढतात. नट फिरला की रेघ तुटते आणि पुढच्या तपासणीत लांबूनच दिसते.

आणि आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. विमानाच्या सुकाणूच्या यंत्रणेवर काम झाले की ते करणाऱ्याने स्वतःच पास करून चालत नाही. दुसऱ्या जाणत्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासून सही करायची असते. आपल्या देशातल्या विमान दुरुस्तीच्या नियमांत याला डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. घरी विमान बांधणारा बहुधा एकटा असतो. पाच-सात वर्षे तेच बोल्ट पाहून त्याच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसू लागतात. निबंध लिहिणाऱ्याला स्वतःच्या शुद्धलेखनाच्या चुका दिसत नाहीत आणि बाजूच्या बाकावरच्या मुलीला पहिल्याच नजरेत दिसतात, तसे. म्हणून घरी बांधणाऱ्याने तर दुसरे डोळे मुद्दाम शोधून आणावेत, आणि ते डोळे मित्राचे असले तरी तोंड मित्राचे नसावे.

आपल्या जिल्ह्याला विमान पडणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले शिकाऊ विमान आपल्याच बालाघाट जिल्ह्यात भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व शिकणारी तरुणी दोघेही गेले. त्या अपघाताचा फ्लॅपशी संबंध कोणी जोडू नये. मी एवढ्यासाठीच आठवण काढली की वरून जाणाऱ्या विमानात माणसे असतात, आणि तपासणीच्या कागदावरची सही त्यांच्यासाठी असते.

जमिनीवरची जुळणी झाली की हवेतली परीक्षा. स्पीडोमीटरवर, म्हणजे हवेतील वेग दाखवणाऱ्या घड्याळावर, एक पांढरा कमानीसारखा पट्टा असतो. फ्लॅप पूर्ण उतरवलेला असताना स्टॉलचा जो वेग, तिथे पट्टा सुरू होतो, आणि ज्याच्या वर फ्लॅप पूर्ण उतरवू नये त्या वेगावर संपतो. पट्ट्याबाहेर उतरवला तर फ्लॅपवर आणि त्या आखूड हातांवर नको तेवढा भार येतो. नवे विमान पहिल्यांदा उंचावर नेऊन, पट्ट्याच्या आत, थोडा थोडा फ्लॅप उतरवून पाहतात. विमान एका बाजूला झुकू लागले तर विचार करत बसायचे नाही. ज्या हाताने फ्लॅप उतरवला त्याच हाताने तो आधीच्या जागी परत न्यायचा, खाली यायचे आणि कारण जमिनीवर शोधायचे.

फ्लॅप पूर्ण वर असताना साध्या सरळ उड्डाणात एक पंख जड वाटला, तर आधी दोन्ही टाक्यांतले पेट्रोल पाहायचे. एका पंखात ३० लिटर आणि दुसऱ्यात ५ असतील तर पंख जड लागणारच. ते सारखे असूनही जडपणा राहिला, तर पायपरसारख्या काही विमानांत जड बाजूचा फ्लॅप अगदी थोडा खाली आणून तो काढतात. हे त्या विमानाच्या पुस्तकात लिहिलेले असेल तरच करावे. नाहीतर पंखाचा खरा दोष फ्लॅपमागे लपतो.

आणि फ्लॅप नीट जुळलेले असले तरी ते लावायला विसरले तर सगळे व्यर्थ. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरचे विमान फ्लॅप न उतरवता उड्डाणाला निघाले, धोक्याची सूचनाही वाजली नाही, आणि १५४ जण मरण पावले. म्हणून तर वैमानिक इतक्या वेळा केलेल्या गोष्टींची यादीही दर वेळी मोठ्याने वाचतात.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गणित देतो. एका विमानाच्या फ्लॅपची रुंदी ३६ सेंटिमीटर आहे. पुशरॉड बिजागरीपासून ९ सेंटिमीटरवर जोडला आहे. आटे इंचात २८. साच्याला लावून पाहिले तर डाव्या फ्लॅपची मागची कड बरोबर आहे, उजव्याची ६ मिलिमीटर खाली आहे. रॉड-एन्ड किती अर्धे फेरे फिरवावा, आणि त्यानंतर किती मिलिमीटर फरक उरेल? लांब करायचा की आखूड, हे आधी आकृती काढून ठरवा, कारण दांडी बिजागरीच्या वर जोडली आहे की खाली यावर ते अवलंबून आहे. उत्तरे आकृतीसह भौतिकीच्या सरांकडे द्यावीत. पुढच्या अंकात बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावे छापू.